अंड्यांची चाल

मामाने सरकारी साहेबांना नदीत ढकललं, ही बातमी धक्क्यावरून निघाली तेव्हा पायी होती. बाजारात पोचेपर्यंत तिला चाकं लागली.

चहावाल्याच्या मते मामाने दोन्ही हातांनी ढकललं. "या डोळ्यांनी पाहिलं मी," असं तो सांगतो तेव्हा त्याचा चष्मा कपाळावर असतो. "मामा आला, गपचूप आला, मांजरासारखा आला आणि धाडकन! साहेब पाण्यात, साहेबांची बॅग पाण्यात, माझा कप पाण्यात. कपाचं कोण बघणार?" न्हाव्याच्या दुकानात मामाच्या हातात वल्हं आलं. "ढोसलं हो, असं ढोसलं," म्हणत न्हावी वस्तरा हवेत फिरवायचा आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसाखाली पांढरं पडायचं. पैलतीरावर तर साहेब अजून सापडलेच नव्हते.

साहेब त्या वेळी मामीच्या स्वयंपाकघरात टॉवेल गुंडाळून बसले होते, आणि मामाचा सदरा त्यांना पोटावर पुरत नव्हता.

घडलं ते एवढंच. योजनावाले साहेब धक्क्याच्या टोकाला, नदीकडे पाठ करून, फोनवर त्यांच्या वरच्या साहेबांना नव्या विजेच्या मोटरची महती सांगत होते. "हो सर. आवाज अजिबात नाही, सर. तत्त्वतः होडी शेजारी येऊन उभी राहिली तरी कळत नाही, सर." आणि होडी शेजारी येऊन उभी राहिली. कळली नाही. तिचं नाक धक्क्याला टेकलं, फळ्या हलल्या, साहेब दचकले आणि 'सर' म्हणता म्हणताच खाली गेले. मामाने त्यांच्यामागून उडी टाकली, तीही कमरेएवढ्या पाण्यात, आणि काखेत हात घालून त्यांना वर ढकलता ढकलता तो ओरडत होता, "ऐका, ऐका, ऐका! सांगत नव्हतो मी? हिला आवाज पाहिजे!" लांबून बघणाऱ्याला ते भांडण वाटलं असेल तर त्यात लांबून बघणाऱ्याची चूक नाही. मामा मायेने बोलला तरी भांडल्यासारखाच वाटतो.

तो माझा सख्खा मामा, पण दोन्ही काठांना तो मामाच आहे. शाळेतली पोरं, अंडीवाली, न्हावी, त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे पेन्शनर, सगळ्यांचा. होडी चालवणं हा त्याचा धंदा, आणि स्वस्थ न बसणं हा त्याचा स्वभाव. जेवायला बसला की त्याचा एक गुडघा बसतो, दुसरा उठायच्या तयारीत असतो. बोलताना समोरच्याच्या शर्टाची गुंडी फिरवतो. कुणाच्या घरी गेला तर नळ गळतोय का ते बघतो, गळत नसला तर हिरमुसतो. "माझं काही म्हणणं नाही," असं मामी सुरू करते तेव्हा सगळ्यांनी बसून घ्यावं, कारण तिचं पुष्कळ म्हणणं असतं. "माझं काही म्हणणं नाही, पण ह्यांना शांत बसलेलं मी फक्त लग्नाच्या फोटोत बघितलंय. त्यातसुद्धा हात हललाय."

होडीवर मात्र हीच चुळबुळ कामाला यायची. जुनं डिझेल इंजिन म्हणजे एक लोखंडी आजारी म्हातारं होतं. ते खोकायचं, थुंकायचं, मध्येच गप्प व्हायचं, आणि मामा एका हाताने वेगाची मूठ धरून दुसऱ्या हाताने त्याची नळी दाब, पेच आवळ, पाठीवर थापटी मार, असं करत नदी ओलांडायचा. वेग किती आहे हे त्याने कधी डोळ्यांनी बघितलं नाही. कानांनी ऐकलं. त्याच्या वडिलांनी त्याला चाली शिकवल्या होत्या, आणि त्या दोन्ही काठांना पाठ होत्या. डग्… डग्… डग्… ही अंड्यांची चाल. टोपलीतलं एक अंडं दुसऱ्याला शिवायचं नाही. डगडग, डगडग, ही शाळेची. आणि ढगढगढगढग ही पावसाची, आभाळ काळं झालं की काठावरचे कपडे काढायला बायका त्या आवाजावरच धावायच्या. मामाचा मूठ पिळणारा हात हा त्याच्या कानाचा नोकर होता. कानाने सांगितलं की हात ऐकायचा, मधे डोक्याला कुणी विचारत नव्हतं.

धक्क्याच्या थोडं खाली वस्तीचं पिण्याचं पाणी उचलतात. त्या पाण्यावर डिझेलचा इंद्रधनुष्यी तवंग येतो हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्याबद्दल मामाला सोडून इतरांशी बोलायचे. मग योजना आली. सरकार विजेची मोटर देणार, बॅटऱ्या देणार, धक्क्याच्या छपरावर सौर पॅनेल बसवणार. नावाड्याने फक्त जुनं इंजिन जमा करायचं आणि महिनाभर सराव करून एक दिवस परीक्षा द्यायची. सकाळच्या पहिल्या फेरीपासून संध्याकाळच्या शेवटच्या फेरीपर्यंत सगळ्या फेऱ्या, आणि दिवस मावळताना बॅटरीच्या काचेवर दोन हिरव्या पट्ट्या शिल्लक. उरल्या तर मोटर कायमची मामाची. नाही उरल्या तर धक्क्याचा परवाना खालच्या धक्क्यावरच्या नावाड्याला, कारण डिझेल आता इथे चालणार नव्हतं आणि त्याला ही मोटर येत होती.

खालच्या धक्क्यावरच्याला सगळे थंडोबा म्हणतात. तो मांडीवर मांडी टाकून, दोन बोटांनी मूठ धरून, जांभई देत नदी ओलांडतो. मामाला त्याच्या पट्ट्यांपेक्षा त्याच्या जांभईचा जास्त राग होता.

इंजिन जमा करायच्या दिवशी मामाने ते पुसून दिलं. "भंगारात जाणार आहे ते, मामा," साहेब म्हणाले. "मग काय घाणेरडं जाऊ दे?" मामा म्हणाला, आणि परत येताना तीनदा मागे वळला, नळीची गुंडाळी राहिली, पाना राहिला, काहीच राहिलं नव्हतं.

नव्या मोटरने पहिल्याच दिवशी त्याला वेड लावलं. मूठ पिळली, आवाज नाही. म्हणजे चालू नाही. अजून पिळली. आवाज नाही. अजून. होडी बाणासारखी सुटली होती, समोरच्या बाकावरच्या बाईच्या पिशवीतले कांदे मागे गडगडत आले होते, आणि मामा ओरडत होता, "बंद पडली! बंद पडली!" दुपारपर्यंत ती खरंच बंद पडली, नदीच्या मधोमध, पट्ट्या संपून. मग वल्ही काढली.

"मामा, हीच का ती आधुनिक होडी?" एक कॉलेजवाला म्हणाला.

"वल्हं घे हातात, आधुनिक."

हे दुसऱ्या दिवशी झालं, तिसऱ्या आठवड्यातही झालं. साहेब समजावायचे, "मामा, चाळीस टक्क्यांवर ठेवा. तत्त्वतः त्याच्यापुढे जायची गरजच नाही."

"ऐका, ऐका, ऐका. तुमचे टक्के मला ऐकू येत नाहीत."

"ऐकायचे नाहीत, काचेवर बघायचे."

"काचेवर बघू तर नदीवर कोण बघणार? तुम्ही?"

साहेबांनी नदीचा अनुभव घेतलेला असल्यामुळे ते गप्प बसायचे. बिचारे खरं तेच सांगत होते. चाळीसवर मूठ ठेवली तर दिवसभराच्या फेऱ्या आरामात होत होत्या, त्यांनी स्वतः चालवून दाखवलं. मामालाही ते पटलं होतं. त्याच्या हाताला पटत नव्हतं. बोलता बोलता, कुणाला नमस्कार करता करता, शिंक आली तरी, हात आपला हळूच मूठ पिळत जायचा, गप्प बसलेल्या माणसाला 'काय झालं, काय झालं' विचारत राहावं तसा.

परीक्षा दोन दिवसांवर आली. मामाचं घरात टिकणं अवघड झालं. तो दारापर्यंत जायचा, परत यायचा, पाण्याचा तांब्या उचलायचा, न पिता ठेवायचा. मामीने सकाळपासून ओट्यावर एकच काम चालवलं होतं ते म्हणजे त्याच्या वाटेतून भांडी बाजूला करणं.

"परवाना गेला तर मी काय करू?" तो एकदम म्हणाला. "थंडोबाच्या होडीत तिकिटं फाडू? तो जांभया देणार आणि मी सुटे परत करणार?"

"माझं काही म्हणणं नाही, पण ते टक्के टक्के जे साहेब म्हणतात, ते तुमच्या भाषेत किती?"

"अंड्यांच्या चालीपेक्षा जरा वर."

"म्हणजे कशी? मला चालीतलं कळत नाही. दाखवा."

मामाने तिच्या हातातली पळी ओढून घेतली, दांडा मुठीसारखा धरला, गुडघे जरा वाकवले आणि तोंडाने सुरू केलं, "डग्… डग्… डग्… डग्…" ही अशी. आणि शाळेची, "डगडग, डगडग." आणि परत खाली, "डग्… डग्…" गाल फुगवून, ओठ थरथरवून, अगदी त्या म्हाताऱ्या इंजिनासारखं, मधल्या खोकल्यासकट.

मामी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. "अहो," ती म्हणाली, "हात बघा तुमचा."

मामाने बघितलं. तोंड हळू चाललं होतं तेव्हा मनगट तिथेच होतं, खिळा मारल्यासारखं. शाळेची चाल काढली तेव्हा मनगट आपोआप पाव वळलं होतं. परत अंड्यांवर आला तेव्हा परत आलं होतं. त्याने पुन्हा करून बघितलं. पुन्हा. मग पळी घेऊनच धक्क्याकडे धावला, आणि मामी दारातून ओरडली, "पळी ठेवून जा!"

परीक्षेच्या दिवशी साहेब मधल्या फळीवर बसले. एकदा बुडाल्यापासून ते धक्क्यावर पाऊल टाकायच्या आधीच लाइफ जॅकेट चढवतात, त्याचा पट्टा त्यांच्या हनुवटीखाली येतो आणि ते ठासून भरलेल्या उशीसारखे दिसतात. त्यांनी काचेवरच्या दहाच्या दहा पट्ट्या बघून घेतल्या आणि मान हलवली. मामाने दोर सोडला, मूठ धरली, एक मोठा श्वास घेतला आणि सुरू केलं.

"डग्… डग्… डग्…"

होडीतल्या माना गर्रकन मागे वळल्या. मग अंडीवाली खुदकन हसली. "अगंबाई, इंजिन आलं परत!"

"तोंडात आलं," कुणीतरी म्हणालं.

मामाने कुणाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलला असता, बोलला असता तर चाल तुटली असती. पोलिसांसारखा समोर बघत, घामाघूम होत, त्याने फेरीमागून फेरी काढली. काठ लागला की दम घ्यायचा, चहा ओतून घ्यायचा, पुन्हा डग्… डग्… पट्ट्या आज्ञेत राहिल्या. दुपारी काचेवर सहा होत्या, आणि साहेब हळूच म्हणाले, "तत्त्वतः हे योजनेत कुठेच बसत नाही. पण चालू द्या."

दुपारनंतर मामाचा आवाज बसला. आधी खरखर आली, मग नुसती हवा. जुन्या इंजिनाचं हे दुखणं त्याला माहीत होतं, पण तेव्हा पाठीवर थापटी मारता यायची. त्याने होडीतल्या लोकांकडे बघितलं आणि हातवारे केले, म्हणजे तुम्ही म्हणा. लोकांना हेच हवं होतं. अंडीवालीने लावून धरलं, पेन्शनरांनी साथ दिली, ती फेरी छान गेली.

पुढच्या फेरीला शाळा सुटली.

पंधरावीस पोरं होडीत, दप्तरं मांडीवर, आणि प्रत्येकाला घरी जायची घाई. मामाने खूण केली. पोरांनी सुरू केलं, डग्… डग्… आणि दुसऱ्याच श्वासाला डगडग, डगडग, आणि नदीच्या मध्यावर यायच्या आत ढगढगढगढग! मामाच्या घशातून "हळू" निघेना. कान ऐकत होता, हात मानत होता, मूठ पिळली जात होती. त्याने डाव्या हाताने स्वतःचाच उजवा हात पकडला, तर होडी वळली, पोरांना ती गंमत वाटली, आणि त्यांनी आणखी जोर केला. साहेब जॅकेटाचा पट्टा धरून काचेवर डोळे लावून बसले होते. एक पट्टी गेली. दुसरी गेली. पैलतीराला होडी अशी लागली की धक्क्यावर उभा असलेला माणूस दोन पावलं मागे सरला.

पोरं उतरली तेव्हा तीन पट्ट्या उरल्या होत्या आणि परतीची शेवटची फेरी बाकी होती. अंड्यांच्या चालीने गेलं तर एका पट्टीच्या आत काम होत होतं. हात सुटला असता तर दीडही पुरली नसती. आणि तोंड बंद. दुसऱ्यांच्या तोंडावर आता मामाचा भरवसा उरला नव्हता.

मामा दोर हातात घेऊन धक्क्यावर येरझाऱ्या घालत होता, हे टोक, ते टोक. शेवटच्या फेरीची माणसं बसून वाट बघत होती. त्यात मी होते, क्लासवरून येणारी. मामाची नक्कल मी झकास करते, त्याच्या 'ऐका, ऐका, ऐका'वर आमच्या घरी टाळ्या पडतात, आणि त्या क्षणी मला वाटलं ते मी बोलून मोकळी झाले, "मामा, तोंड बंद ठेवून तुझ्याच्याने नदी ओलांडणं व्हायचं नाही. लाव पैज."

त्याने थांबून माझ्याकडे बघितलं. दिवसभरात पहिल्यांदा त्याचे पाय थांबले. मग घोगऱ्या कुजबुजीत विचारलं, "हरलीस तर?"

"तू सांग."

"महिनाभर माझी नक्कल नाही. कुणापुढेच नाही."

"आणि तू हरलास तर?"

"मी हरलो तर," तो म्हणाला, "तू कुणाची नक्कल करणार? होडीवर थंडोबा असेल. त्याची कर. जांभईची."

अंडीवालीने पदर तोंडाला लावला. "चूप बसा सगळे," ती म्हणाली, "शिंकलात तरी बघा." आणि सगळे चूप बसले, कारण पैज लागलीय म्हटल्यावर निकाल प्रत्येकाला आपल्या कानाने ऐकायचा होता.

मामाने मूठ धरली. होडी सुटली. सुरुवातीला त्याचा हात वळला, मी बघितलं, आणि मी मनात जिंकलेसुद्धा. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. खांदे वर आलेले, मान ताठ, एक पाय दुसऱ्या पायावर, परत खाली. असा अस्वस्थ माणूस मी उभ्या जन्मात बघितला नव्हता, आणि मी त्याला जन्मापासून बघतेय. मग त्याने ओठ मिटले. मान जरा कलती केली.

इतके दिवस त्या होडीत कुणी ना कुणी बोलत होतं. आधी इंजिन, मग मामा, मग सगळे. आता कुणीच नव्हतं, आणि होडीच्या नाकाखालून काहीतरी ऐकू यायला लागलं. मामाने मूठ नखाएवढी पिळली, ते सळसळत वर गेलं. सैल केली, ते उतरून लपलप झालं, एकेक लप मोजून घ्यावी इतकं संथ. पाणीच होतं. ते पहिल्या दिवसापासून तिथेच होतं, पण त्याला मधे बोलायला कुणी जागा दिली नव्हती. मामाने एकदा सळसळ केली, एकदा लपलप केली, लेकराने खुळखुळा वाजवून बघावा तशी, आणि मग लपलपीवर स्थिरावला. हात तिथेच राहिला. मनगटाला खिळा मारल्यासारखा, पण या वेळी कपाळावर घाम नव्हता.

अंडीवालीने टोपलीवरचं फडकं उचलून बघितलं आणि समाधानाने परत झाकलं.

धक्का लागला. साहेब काचेवर वाकले, उठले, पुन्हा वाकले. दोन पट्ट्या होत्या, आणि तिसरी विझण्याआधी लुकलुकत होती. "तत्त्वतः," ते म्हणाले, आणि बाकीचं वाक्य तिथेच सोडून त्यांनी मामाचा हात हातात घेतला आणि जॅकेटसकट त्याला मिठी मारली. चहावाल्याने लांबून ते पाहिलं, आणि साहेबांनी मामाला ढकलायचा प्रयत्न केला, असं आता बाजारात चाललंय.

मामी धक्क्यावर आली होती. "माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली, आणि खरोखरच पुढे काही म्हणाली नाही.

मामा दोर बांधून झाल्यावर पुन्हा सोडून पुन्हा बांधत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. त्याने माझ्या शर्टाची गुंडी धरली आणि फिरवायला लागला. घशात आवाज नव्हता म्हणून नुसतं एक बोट वर केलं. एक महिना.

त्यानंतर आठवडा झालाय. घरी सगळे म्हणतात, अगं एकदा कर ना 'ऐका, ऐका, ऐका', कुणाला कळतंय. मी करत नाही. हरले ते हरले. त्याऐवजी मी रोज संध्याकाळी शेवटच्या फेरीला जाऊन बसते आणि त्या पाण्याची नक्कल करायला बघते. जमत नाही. मामा सुकाणूवरून ऐकतो आणि मान हलवतो, म्हणजे नाही, अजून हळू.